बजेटमधला गेमिंग पीसी: पैसा कुठे घालायचा, कात्री कुठे लावायची

मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, म्हणजे लॅमिंग्टन रोडवर, पहिलं कोटेशन मागण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: कोणते गेम खेळायचे, कोणत्या मॉनिटरवर खेळायचे, आणि मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस धरून हातात एकूण किती पैसे आहेत. एवढं ठरवून गेला नाहीत तर दुकानदार त्याच्याकडे पडून असलेल्या मालाभोवती पीसी रचून देतो.

कमी पैशांतल्या पीसीची कसोटी साधी आहे. कुठलाही पार्ट दुसऱ्यामुळे रिकामा बसता कामा नये. महागडा प्रोसेसर आणि दुबळं ग्राफिक्स कार्ड ही जोडी मुंबईत सर्रास विकली जाते, कारण ‘आय७’ हा शब्द घरच्यांनाही कळतो. गेममध्ये मात्र तो आय७ कार्डची वाट पाहत बसतो आणि त्याच्यावर घातलेले जादाचे पैसे पडद्यावर दिसतच नाहीत. या कसोटीला अपवाद एकच, तो म्हणजे एसएमपीएस, सगळ्या पीसीला वीज पुरवणारा डबा. त्याने गेमची एकही फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारं चित्र, वाढत नाही, तरी तिथे हात आखडता घ्यायचा नाही.

मॉनिटरपासून सुरुवात

१९२० × १०८० म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल. २५६० × १४४० ला ते ३६.९ लाख होतात, म्हणजे जवळपास पावणेदोन पट, आणि फोर-केला चौपट. तेवढंच काम कार्डवर वाढतं. म्हणून डब्याचं, म्हणजे मॉनिटर सोडून बाकीच्या पीसीचं, बजेट साठ-सत्तर हजारांच्या आत असेल तर १०८०पी हेच लक्ष्य ठेवा. २४ इंची आयपीएस पॅनल, १४४ ते १८० हर्ट्झ, यापुढे जायची गरज नाही.

घरात जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर तूर्त तोच वापरा आणि वाचलेले पैसे कार्डात घाला. मॉनिटर नंतर सहज बदलता येतो. फक्त एक लक्षात ठेवा, ६० हर्ट्झच्या पडद्यावर दीडशे फ्रेम आल्या तरी डोळ्यांना सेकंदाला साठच चित्रं दिसतात.

गेमवरूनही वाटणी बदलते. व्हॅलोरंट आणि सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) सारखे गेम कमी सेटिंगवर, जास्तीत जास्त फ्रेमसाठी खेळले जातात. तिथे प्रोसेसर आणि रॅम आधी दमतात. सायबरपंक २०७७ सारख्या मोठ्या गेममध्ये सगळा भार कार्डवर येतो. फक्त व्हॅलोरंट खेळणाऱ्याने महाग कार्ड घेणं म्हणजे पैसे अडकवून ठेवणं.

ग्राफिक्स कार्ड

डब्याचं बजेट ६०,००० रुपये धरलं तर २२ ते २४ हजार कार्डाला, १६ हजारांच्या आसपास प्रोसेसर आणि मदरबोर्डला, ११ हजार रॅम आणि एसएसडीला, पाच हजारांपर्यंत एसएमपीएसला आणि उरलेले चार हजार कॅबिनेट-फॅनला, अशी वाटणी करून पाहा. ही हिशेबाची सुरुवात आहे. रोजच्या भावाप्रमाणे ती हलणारच.

कार्डावर ८ जीबी मेमरी हवीच. ४ जीबीची कार्डं स्वस्त दिसतात, पण नव्या गेममध्ये टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं, मावत नाहीत आणि गेम मधेच अडखळतो. आरएक्स ६५०० एक्सटी हे त्यातलं सगळ्यात फसवं. ते पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या रस्त्याच्या, चारच लेन वापरतं, त्यामुळे जुन्या ३.० बोर्डवर लावलं की वेग आणखी पडतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे स्ट्रीमिंग किंवा रेकॉर्डिंगचा सगळा बोजा प्रोसेसरवर.

एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात, तिथे डोळ्यांत तेल घालून पाहा. आरटीएक्स ३०५० ८ जीबीतही मिळतं आणि ६ जीबीतही. फरक फक्त मेमरीचा नाही. ६ जीबीवाल्यात कोअर कमी आहेत आणि मेमरी बस, म्हणजे मेमरीकडे जाणारा रस्ता, १२८ ऐवजी ९६ बिटची आहे. त्याची वीज मात्र फक्त ७० वॉट, वेगळी पॉवर केबल लागत नाही, म्हणून ऑफिसमधून निघालेल्या जुन्या पीसीत टाकायला ते चांगलं. नव्या पीसीत घेऊ नका. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी यांचेही ८ आणि १६ जीबीचे वेगळे प्रकार आहेत. कोटेशनवर जीबीचा आकडा लिहून घ्या.

१०८०पीसाठी आरएक्स ६६०० (१३२ वॉट), आरएक्स ७६०० (१६५ वॉट) आणि आरटीएक्स ४०६० (११५ वॉट) ही सगळी ८ जीबीची, भरवशाची कार्डं. यांपैकी त्या दिवशी जे बजेटमध्ये बसेल ते घ्या. त्याच कार्डाची तीन पंख्यांची, दिवे लावलेली आवृत्ती दोन-तीन हजारांनी महाग असेल तर सोडून द्या. एवढ्या कमी वॉटच्या कार्डाला दोन पंखे पुरतात. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी मेमरी देतं, पण त्याला बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू असावा लागतो आणि जुन्या प्रोसेसरबरोबर त्याचा वेग पडतो. जुन्या पीसीत टाकण्यासाठी ते नको.

सेकंडहँड घ्यायचं असेल तर जीटीएक्स १०५० टीआय, १०६० ही पिढी आता सोडून द्या. एनव्हिडियाने २०२५ मध्ये त्यांच्यासाठी गेम रेडी ड्रायव्हर देणं थांबवलं. ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ असं लिहिलेलं कार्ड नावाने ५८० असलं तरी कोअरच्या हिशेबाने ५७० आहे. कार्डाचं बायोस बदलून जुन्या चिपला नवं नाव देण्याचाही धंदा चालतो. पैसे देण्याआधी कार्ड लावून जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडा. खोट्या एनव्हिडिया कार्डाच्या नावापुढे ते ‘फेक’ लिहून दाखवतं. मग वीस मिनिटं पूर्ण लोडवर चालवा, पंख्यांची घरघर ऐका, तापमान बघा. समुद्राजवळच्या घरातून आलेल्या कार्डाच्या पोर्टवर आणि पट्टीवर हिरवट-पांढरा थर दिसला तर ते घेऊ नका. तो गंज आत किती पोचलाय, हे बाहेरून कळत नाही.

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम: हा एकच निर्णय

हे तिन्ही एकमेकांना बांधलेले असतात, म्हणून वेगवेगळ्या दुकानांतून घेतले तरी ठरवायचे एकदमच.

इंटेलच्या बाजूला आय३-१२१००एफ (४ कोअर, ८ थ्रेड) आणि आय५-१२४००एफ (६ कोअर, १२ थ्रेड). एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा) रायझन ५ ५६००, आणि एएम५ वर ७५००एफ किंवा ७६००. नावाच्या शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं तर तेवढे दिवस पीसी पडद्यावर काहीच दाखवणार नाही. गेमिंगसाठी पैसे वाचवायला एफ ठीक, पण त्याच पीसीवर घरातल्या कुणाचं कॉलेज किंवा ऑफिसचं काम चालत असेल तर ग्राफिक्स असलेला घ्या. रायझन ५ ५६०० च्या नावात एफ नाही, तरी त्यातही ग्राफिक्स नसतं.

‘५६००’ मागितल्यावर ‘५५००’ किंवा ‘५६००जी’ पुढे केला जातो, ‘सेम आहे, थोडा स्वस्त’ म्हणून. सेम नाही. ५६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी) ३२ एमबी, त्या दोघांत १६ एमबी, आणि दोघेही पीसीआयई ३.० वर अडकलेले. गेममध्ये कॅशचा फरक स्पष्ट जाणवतो. ५६००जी तेव्हाच घ्यावा जेव्हा कार्डाचे पैसे आत्ता नाहीतच आणि वर्षभर त्याच्यातल्याच ग्राफिक्सवर काढायचं आहे.

एएम४ की एएम५? आज पैसे कमी आणि चार-पाच वर्षं काहीच बदलायचं नसेल तर एएम४ किंवा इंटेलची बारावी पिढी (१२१००एफ, १२४००एफ). दोन-तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायची इच्छा असेल तर एएम५, कारण त्या सॉकेटला निदान २०२७ पर्यंत पाठबळ देणार असल्याचं एएमडीने जाहीर केलेलं आहे. एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते. बाराव्या पिढीच्या इंटेल बोर्डांत मात्र डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन प्रकार आहेत, मॉडेलचं नाव जवळपास सारखंच. एका बोर्डची रॅम दुसऱ्यात बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते.

बोर्डवर खर्च बेताचा करा. आय३ किंवा आय५-१२४००एफला एच६१० चालतो. पण त्यात बहुतेक वेळा रॅमचे दोनच स्लॉट असतात, आणि डीडीआर४ ची धाव ३२०० वर थांबते. ५६०० साठी बी५५० सर्वांत बरा. ए५२० मध्ये पीसीआयई ३.०, त्यामुळे आठ लेनच्या कार्डांचं थोडं नुकसान. बी४५० स्वस्त मिळाला तर त्यात ५००० मालिकेसाठी बायोस अपडेट केलेलं आहे का, ते दुकानातच पडद्यावर बघा. नसेल तर पीसी चालूच होणार नाही, आणि अपडेट करायला जुना प्रोसेसर शोधावा लागेल.

बोर्ड घेताना सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण काढून मोबाईलच्या टॉर्चने पिना पाहा. एलजीए१७०० (इंटेलच्या बाराव्या पिढीचा सॉकेट) आणि एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात, एएम४ मध्ये प्रोसेसरवर. एक पिन वाकलेली निघाली तर वॉरंटी मिळत नाही, आणि ती कोणी वाकवली हे घरी पोचल्यावर सिद्ध करता येत नाही. प्रोसेसर सीलबंद बॉक्समधला घ्या. ट्रेचा माल सुटा असतो, त्याबरोबर कूलर नसतो आणि कंपनीची तीन वर्षांची बॉक्स वॉरंटीही नसते.

रॅम १६ जीबी, ती ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत. एकच १६ जीबीची पट्टी लावली तर मेमरीचा रस्ता अर्धा होतो आणि प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये फ्रेम सरळ खाली येतात. डीडीआर४ असेल तर ३२०० सीएल१६, डीडीआर५ असेल तर ६००० च्या आसपास. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की रॅमचे भाव खूप चढले, एसएसडीवरही त्याचा परिणाम झाला. गेल्या महिन्याचं कोटेशन धरून चालू नका. रॅमने बजेट खाल्लं तर आधी बोर्डावरचे आणि कॅबिनेटवरचे दिवे काढा, मग एसएसडी १ टीबीवरून ५०० जीबीवर आणा. सेकंडहँड घ्यायचाच असा एक पार्ट निवडायचा तर डीडीआर४ रॅम निवडा. ती क्वचित बिघडते आणि मेमटेस्ट८६ चा एक पूर्ण फेरा मारला की खरंखोटं कळतं. एकही एरर आली तर परत करा.

एसएसडी

एनव्हीएमई एम.२ घ्या. साटा एम.२ दिसायला तसाच असतो, पण वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो. मोठे गेम एकेक १०० जीबीच्या पुढे जातात, म्हणून शक्य असेल तर १ टीबी. दोन सारख्या भावाचे असतील तर क्यूएलसीपेक्षा टीएलसी प्रकारच्या मेमरीचा घ्या. काही बोर्डांवर एम.२ भरला की एखादा साटा पोर्ट बंद पडतो, जुनी हार्डडिस्क लावणार असाल तर मॅन्युअलमध्ये बघा.

एसएमपीएस, आणि घरातली अर्थिंग

‘कॅबिनेटबरोबर ४५० वॉटचा एसएमपीएस फ्री’ असं म्हटलं की लेबल वाचा. १२ व्होल्टच्या पुढे किती अँपिअर लिहिलेत? १८ अँपिअर असतील तर १२ × १८ = २१६ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, म्हणजे खरी ताकद २१६ ची, बाकी आकडा शोभेचा. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ४० अँपिअरच्या पुढे दिसतात.

आता गरज मोजा. आरएक्स ७६०० चे १६५, आय५-१२४००एफचे जास्तीत जास्त ११७, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नास-साठ, एकूण साधारण ३४० वॉट. कार्ड क्षणभरासाठी याहून बरीच वीज ओढतं. दुबळा एसएमपीएस त्याच क्षणी बंद पडतो. गेम ऐन रंगात असताना पीसी एकदम काळोखात जातो आणि कुठलीच एरर येत नाही, तेव्हा पहिला संशय इथेच घ्या. ५५० वॉट, ८० प्लस ब्राँझ, नावाजलेली कंपनी, पाच वर्षांची वॉरंटी, एवढं पुरे. ८० प्लस हे वीज किती वाया जात नाही याचं माप आहे, सुरक्षेची हमी नाही. त्यामुळे मॉडेलचं नाव घेऊन स्वतंत्र चाचण्या शोधून वाचा. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) असेल तर दुसऱ्या एसएमपीएसच्या केबल त्याला कधीही लावू नका. खोबण सारखी दिसते, आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो आणि एसएसडी, हार्डडिस्क, कधी बोर्डही जळतो.

गिरगाव, लालबाग, परळच्या जुन्या चाळींत, तशाच जुन्या वायरिंगच्या कुठल्याही घरात, एक गोष्ट पीसी आणण्याआधी तपासा: अर्थिंग. एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना कॅबिनेटच्या धातूशी, म्हणजे अर्थशी, जोडतात. अर्थ नसला की कॅबिनेटवर साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. हात लावला की झिणझिण्या येतात, हेडफोनमध्ये गूं आवाज येतो, यूएसबी मधूनच सुटतं. लोक पार्ट बदलत बसतात आणि दोष भिंतीत असतो. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या. फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीनच. अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देण्याचा ‘जुगाड’ करू देऊ नका, न्यूट्रल तुटला तर पूर्ण कॅबिनेटमध्ये करंट उतरतो.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट यांत गल्लत होते. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच उचलतो, गेम चालू असताना वीज गेली तर तो मॉनिटरसकट पीसी पेलणार नाही. १००० व्हीए किंवा त्याहून मोठा बघा. तोही सेव्ह करून शटडाऊन करण्यापुरताच. ॲक्टिव्ह पीएफसीचे काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर बंद पडतात, म्हणून एसएमपीएस आणि यूपीएस एकत्र लावून, प्लग काढून एकदा तपासा. वीजबिलाचंही सांगायला हवं. ३०० वॉट ओढणारा पीसी रोज चार तास चालला तर महिन्याला ३६ युनिट होतात.

कॅबिनेट आणि मुंबईची हवा

पुढे जाळी असलेला कॅबिनेट. पुढून सगळी काच असलेला सुंदर दिसतो, पण आतली हवा कोंडते. एप्रिल-मे महिन्यांत खोलीच ३३-३४ अंशांवर असते, तिथे कार्ड तापून स्वतःचा वेग कमी करतं. पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, एवढं हवंच. खरेदीआधी कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मिलिमीटरमध्ये कॅबिनेटच्या आकड्यांशी ताडून पाहा. भिंतीपासून मागे वीतभर जागा सोडा.

तळमजल्यावर राहत असाल तर पीसी जमिनीवर ठेवूच नका, टेबलावर ठेवा. पावसाळ्यात पाणी घरात शिरायला एक भरती आणि एक जोरदार सर पुरते. जून ते सप्टेंबर पीसी आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. अधूनमधून तासभर चालवला की आतला दमटपणा निघून जातो. दोन महिन्यांनी जाळी काढून झटका. पंखे हवेने साफ करताना पातं बोटाने धरून ठेवा.

खरेदी आणि पहिला दिवस

लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा आठवड्यात सकाळी जा आणि निदान तीन ठिकाणी तेच मॉडेल नंबर दाखवून भाव काढा. ‘प्लस जीएसटी’ की जीएसटीसह, हे पहिल्याच वाक्यात विचारा. १८ टक्क्यांनी ६०,००० वर १०,८०० रुपये वाढतात. कच्च्या बिलावर दोन हजार वाचतात, पण वॉरंटीच्या वेळी हातात काही नसतं. पक्क्या बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर हवा आणि तो बॉक्सवरच्या नंबरशी तिथेच जुळवून घ्या. ऑनलाइन भाव खरोखर कमी असेल तर तिथूनच घ्या, मात्र पार्सल फोडताना सील दिसेल असा अखंड व्हिडिओ काढा.

घरी जोडणी करताना रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. चार स्लॉटच्या बोर्डांवर बहुतेक हीच जागा असते. बोर्डला २४ पिनची केबल आणि वर डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरची ८ पिनची वेगळी केबल, ही दुसरी विसरली जाते. कार्डाची ८ पिन ६ अधिक २ अशी दुभंगते, प्रोसेसरची ४ अधिक ४ अशी. एक दुसऱ्यात जोर लावून घालू नका.

पंखे फिरतात पण पडद्यावर काही नाही? मॉनिटरची केबल बोर्डच्या पोर्टमध्ये आहे का बघा, ती खाली कार्डात हवी. मग रॅम काढून पुन्हा खटका वाजेपर्यंत दाबा. एएम५ वर पहिल्यांदा चालू करताना डीडीआर५ ची तपासणी होते आणि काही मिनिटं पडदा काळाच राहतो, घाईने बटण दाबून बंद करू नका.

बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर रांगत राहते. तिथेच रिसायझेबल बार, टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू करा. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला शेवटचे दोन लागतातच. विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंग उघडून रिफ्रेश रेट १४४ किंवा १६५ वर न्या. तो आपोआप ६० वर राहतो आणि कित्येकजण महिनोन् महिने तसेच खेळत असतात.

दुकानाची बदलून देण्याची मुदत काही ठिकाणी फक्त सात दिवसांची असते. त्या आतच दुपारच्या उन्हाच्या वेळी, एसी न लावता, तासभर मोठा गेम चालवून प्रोसेसर आणि कार्डाचं तापमान पाहा. कार्ड ८० च्या आत, प्रोसेसर ८५ च्या आत राहिला तर ठीक. प्रोसेसर लगेच ९५ ला जात असेल तर कूलरच्या तळाची प्लास्टिकची पट्टी काढायची राहिली आहे का, ते आधी बघा. एएम४ वर कूलर उचलताना दहा मिनिटं पीसी गरम करून, बंद करून, प्लग काढून, कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवा. सरळ ओढला तर कूलरखालच्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटला जातो आणि पिना वाकतात.